घरी जुन्या पद्धतीचा आठ बिटांचा कॉम्प्युटर बनवता येतो का? नाशिकमध्ये पार्ट मिळतील का? आणि बनवून उपयोग काय?

बनवता येतो. मी बनवलाय, सिडकोतल्या वन बीएचकेमध्ये, जेवणाच्या टेबलावर. पार्टांचं नंतर सांगतो. तुमचा तिसरा प्रश्न वाचून आधी दाजी आठवले.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे मिस्टर. पुण्यात, हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहेत. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला आले, टेबलावरचे चार ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता पार्ट खोचायचे भोकाभोकांचे पाट) आणि वायरींचं जंजाळ बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "अरे, इम्युलेटरवर अर्ध्या तासात झालं असतं हे. उपयोग काय याचा?" (इम्युलेटर म्हणजे खऱ्या चिपची नक्कल करणारा प्रोग्रॅम.) मी उत्तर देणार तेवढ्यात आत बायकोने चटणीसाठी मिक्सर लावला आणि स्क्रीनवरची अक्षरं जागच्या जागी थांबली. दाजी हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही.

मशीन साधं होतं. ८०८५ प्रोसेसर, खालच्या पत्त्यांवर २७६४ ईप्रॉम (प्रोग्रॅम कायम ठेवणारी, यूव्ही उजेडाने पुसायची चिप), वरच्या पत्त्यांवर ६२६४ रॅम (तात्पुरती मेमरी), म्हणजे आठ केबी आणि आठ केबी. ठोके द्यायला ६.१४४ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. चिप आत त्याचे निम्मे करते. सिरियलसाठी (एकेक बिट पाठवायला) वेगळी चिप नाही, ८०८५ च्याच एसआयडी-एसओडी या दोन पिनांवरून लॅपटॉपशी बोलायचं. मॉनिटर प्रोग्रॅम, म्हणजे मेमरी बघायचा-बदलायचा छोटा प्रोग्रॅम, मीच लिहिलेला. रात्री अकरानंतर दोन-दोन तास बिनबोभाट चालायचा. दिवसा मात्र कधीही हँग. मिक्सर लावला की हमखास, आणि कधी नुसता हात जवळ नेला तरी.

दाजींनी पुण्याला जाता जाता निदान करून टाकलं: "चिप डुप्लिकेट असणार." मलाही ते पटलं, हे जास्त लागतं. आधी सप्लाय बदलला. विजेतली खळबळ शोषायला प्रत्येक चिपजवळ १०४ चा (०.१ मायक्रोफॅरडचा) कपॅसिटर होताच, तरी आणखी लावले. शेवटी एका शनिवारी पंचवटी एक्सप्रेस पकडली, दादरला उतरून ग्रँट रोड गाठलं आणि लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून, दुसरा ८०८५ आणला. घरी येऊन बसवला. बायकोने विचारलं, "लावू का मिक्सर?" लाव म्हटलं. हँग.

मग तीन रविवार त्यात गेले. एव्हाना घरात मिक्सर लावायच्या आधी मला आवाज द्यायची पद्धतच पडली होती. रिसेट दाबलं तरी रॅममधलं पुसलं जात नाही, हे लक्षात आल्यावर हँग झाल्या झाल्या रिसेट करून रॅम वाचली. आठ केबीभर एकच: ३९ ००, ३९ ००, ३९ ००. आधी वाटलं रॅम गेली. मग कागद घेऊन बसलो. कोऱ्या ईप्रॉममध्ये सगळीकडे एफएफ (आठही बिट १) असतं. ८०८५ साठी एफएफ म्हणजे आरएसटी ७, म्हणजे परतीचा पत्ता स्टॅकवर (रॅममधल्या चळतीवर) टाक आणि ००३८ ला जा. तिथेही कोरंच, म्हणजे परत एफएफ. परतीचा पत्ता ००३९, तो रॅममध्ये धाकटा अर्धा आधी असा दिसतो, ३९ ००. असं गोल गोल फिरत बिचाऱ्याने अख्खी रॅम भरून टाकली होती. चिप एकदम शहाणी होती, तिला कोणीतरी कोऱ्या जागेत ढकलत होतं.

कोण, ते शोधायला प्रत्येक इंटरप्टच्या (चालू काम थांबवून चिपला ठरलेल्या पत्त्यावर पाठवणाऱ्या इशाऱ्याच्या) पत्त्यावर एक-एक अक्षर छापणारा जंप टाकला. ००२४ ला 'ट', ००२क ला ५, ००३४ ला ६, ००३क ला ७ (क म्हणजे सोळाच्या मोजणीतला बारा, इंग्रजी सी, अर्थात स्क्रीनवर 'ट' रोमनमधला). मिक्सर लावला. टटटटटटट.

ट्रॅप! पिन नंबर सहा, मी मोकळी सोडलेली, म्हणून मिक्सरची नि हाताची खळबळ पकडणारी. इंटरप्ट डिसेबल आहेत म्हणून त्या पिनांकडे बघितलंच नव्हतं. आणि डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत सरांनी मला हाच प्रश्न विचारला होता: बंद न करता येणारा इंटरप्ट कोणता, त्याचा पत्ता काय? मी "ट्रॅप, ००२४" असं धडाधड म्हणून मार्क घेतले होते. पाठ होतं, पण ती एक खरीखुरी पिन आहे आणि तिला ग्राउंड करावं (शून्य व्होल्टला जोडावं) लागतं हे कळायला वीस वर्षं आणि एक मिक्सर लागला. दाजी, इम्युलेटरमध्ये सहा नंबरची पिनच नसते. हा उपयोग.

आता पार्ट. रेझिस्टर, ब्रेडबोर्ड, ७४ सिरीजचे लॅच (आलेले बिट धरून ठेवणाऱ्या चिपा) इथे मिळतात, प्रोजेक्टवाल्या पोरांची कृपा. प्रोसेसरसाठी मुंबई किंवा ऑनलाइन. ऑनलाइन घ्याल तर जुन्या चिपा घासून नवं नाव छापलेल्या येतात, तेव्हा दोन मागवा. (हो, म्हणजे दाजींची शंका अगदीच बिनबुडाची नव्हती.) पहिल्यांदाच करणार असाल तर ८०८५ घेऊ नका. त्याच्या आठ पिनांवर पत्ता आणि डेटा एकाच वाटेने येतो, तो वेगळा करायला लॅच लावावा लागतो. मी घेतला तो डिप्लोमाच्या प्रेमापोटी. झेड-८० हा प्रोसेसर घ्या. दोघंही १९७६ ची, इंटेलच्या आधीच्या ८०८० च्याच घरातली, पण झेड-८० ला पत्त्याच्या सोळा वायरी वेगळ्या आहेत. झायलॉग कंपनीने चाळीस पिनांचा झेड-८० २०२४ साली बंद केला, त्यामुळे आता जुना साठाच मिळेल. नवीकोरी चिप हवी असेल तर ६५सी०२ ही वेगळ्या घराण्यातली प्रोसेसर चिप अजून बनते.

ईप्रॉमच्या फंदात पडू नका, २८सी२५६ घ्या, ती विजेवरच पुसली जाते. मी पाण्याच्या प्युरिफायरची जुनी यूव्ही नळी डब्यात बसवून वीस-वीस मिनिटं पुसत बसायचो. तसं कराल तर डबा पूर्ण बंद हवा, त्या उजेडाकडे बघायचं नाही, डोळे जातात. प्रोग्रॅमर (चिपमध्ये प्रोग्रॅम भरायचं यंत्र) सोडून माझा खर्च चार हजारांच्या आत बसला, त्यात मुंबईचं तिकीट धरलेलं नाही.

आणि एक कबूल करतो. मॉनिटर प्रोग्रॅममधल्या दोन चुका मला इम्युलेटरवरच सापडल्या होत्या, आणि तो इम्युलेटर दाजींनीच पाठवलेला. तुम्हीही आधी त्याच्यावर चालवून बघा, उगाच चिपमध्ये पुन्हा पुन्हा प्रोग्रॅम भरत बसू नका. फक्त तिथेच थांबू नका.

लॅमिंग्टन रोडवरून आणलेला दुसरा ८०८५ चांगला चालू आहे आणि डब्यात पडून आहे. झेड-८० नकोच वाटला तर कळवा, देऊन टाकेन.