वजन पुकारायचं कशाला?

प्रश्न : मुलगी सहावीत आहे, 11 वर्षांची. शाळेतल्या आरोग्य तपासणीत बाईंनी सगळ्यांची वजनं मोठ्याने वाचली. प्रगतिपुस्तकात ‘बीएमआय 20.4, जास्त’ असा शेरा आला. तेव्हापासून डबा अर्धा परत येतो आणि ती स्वतःलाच ‘मी ढब्बू’ म्हणते.

उत्तर : आधी आकडा तपासा. बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. उंची 140 सेंमी आणि वजन 40 किलो असेल, तर 40 भागिले 1.4 चा वर्ग, म्हणजे 20.4. पण घाईच्या रांगेत मूल पोक काढून उभं राहिलं आणि उंची 2 सेंमी कमी लागली, की तोच आकडा 21 होतो. बूट-स्वेटरसकट वजन केलं तर आणखी वर. मोठ्यांचं कोष्टक मुलांना लागू नाही. भारतीय मुला-मुलींसाठी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचे 2015 चे वेगवेगळे तक्ते आहेत, 5 ते 18 वयाचे. त्यात सहा-सहा महिन्यांचे दोन-तीन ठिपके पडले, तरच काही कळतं. पाळीच्या आसपास मुलींचं अंग भरतं, तेही धरायला हवं.

चूक मोजण्यात नाही, पुकारण्यात आहे. सिंगापूरने 1992 मध्ये ‘ट्रिम अँड फिट’ योजना आणली; जाड मुलांना मधल्या सुट्टीत वेगळं पळवायचे. तिचं इंग्रजी लघुरूप ‘टॅफ’ (TAF) उलटं वाचलं की ‘फॅट’ (FAT, जाड), हे मुलांना लगेच सुचलं! 2007 मध्ये योजना गुंडाळली. कॅलिफोर्नियातल्या 79 शाळांचा अभ्यास 2020 मध्ये आला. पालकांना बीएमआय कळवून वजनात फरक पडला नव्हता. शाळेत वजन झालेल्या मुलांची स्वतःच्या वजनाबद्दलची नाराजी मात्र वाढली होती.

मुख्याध्यापकांना लेखी द्या : वजन आडोशाला, एकेकाचं, मुलाची पाठ आकड्याकडे. आकडा न उच्चारता लिहायचा, कागद बंद पाकिटात पालकांकडे. पीटीला जाड मुलांची वेगळी रांग नको. कँटीनमधले वडे-वेफर्सही विचारा. जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ शाळेत आणि फाटकापासून 50 मीटरच्या आत विकायला 2020 च्या नियमांनी मनाई आहे.

घरी तिचा एकटीचा डबा हलका करू नका. तिच्या अंगावरून कुणीच बोलायचं नाही, आजी-आत्यांनीसुद्धा. जेवण टाळणं चालूच राहिलं, चक्कर आली किंवा वजन घटू लागलं, तर थांबू नका, बालरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : मग तपासणीलाच नकार द्यावा का?

उत्तर : नको. पालघरहून 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या, म्हणजे मुलांच्या आरोग्य तपासणीच्या सरकारी योजनेच्या पथकाला रक्तक्षय, हृदयातला दोष, कमी दिसणं असं बरंच काही सापडतं. अडचण असेल तर फक्त वजन वेगळ्या खोलीत करा म्हणा.