व्हिडिओ एडिटिंगसाठी आरटीएक्स ३०६० घ्यावे की ४०६०?

लग्नाच्या चित्रीकरणाचे एडिटिंग करण्यासाठी एनव्हिडियाचे १२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड घ्यावे की ८ जीबीचे ४०६०, आणि दोहोंपैकी कोणाचे एन्कोडिंग, म्हणजे तयार व्हिडिओ दाबून त्याची फाइल बनवणे, सरस, असे तुम्ही विचारले आहे. एन्कोडिंगपुरते पाहिले तर ४०६० पुढे आहे. त्यातला एनव्हेन्क, म्हणजे कार्डावरचा एन्कोडर, एका पिढीने नवा असून तो एव्ही१ या नव्या व्हिडिओ प्रकारातही फाइल बनवतो, जे ३०६० ला जमत नाही. परंतु यजमान पेनड्राइव्ह टीव्हीला लावून पाहणार असल्यामुळे त्यांना जुन्या एच.२६४ प्रकारातलीच फाइल द्यावी लागते, आणि यूट्यूब तर आपण काहीही चढवले तरी ते स्वतः पुन्हा एन्कोड करते. त्यामुळे एक्स्पोर्टमधली चार मिनिटे वाचवण्यासाठी लोक एवढा खल का करतात, हे मला आजवर उमगलेले नाही. एक्स्पोर्ट लावून चहा पिऊन येता येते. टाइमलाइनसमोर मात्र दिवसभर बसावे लागते.

२०२२ मध्ये मी आणि माझ्या थोरल्या भावाने सांगलीतल्या आमच्या स्टुडिओसाठी नवा पीसी जुळवला. प्रोसेसर साधा आय५-१२४०० घ्यावा, असे माझे मत होते. दुकानदाराने १२४००एफ, म्हणजे अंतर्गत ग्राफिक्स नसलेला तोच प्रोसेसर, पुढे केला, आणि मी हरकत घेतल्यावर, ‘‘कार्ड लावताय ना, मग प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचे काय लोणचे घालायचे आहे?’’ असे विचारले. दादा हसला, आणि दीड-दोन हजार रुपये वाचल्याच्या आनंदात व्यवहार झाला.

त्याच हंगामात आम्ही कॅननचा आर६ घेतला. त्यात सी-लॉग, म्हणजे नंतर रंग सुधारायला वाव ठेवणारी पद्धत, चालू केली की चित्रीकरण एच.२६५ मध्ये, १०-बिट ४:२:२ (रंगांची माहिती जास्त ठेवणारे) होते. पहिल्याच लग्नाची हळद रात्री प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आणून स्पेसबार दाबला, तर नवरीच्या गालाकडे निघालेला मावशीचा हात वाटेतच थांबला. सनई पुढे गेली, चित्र तिथेच राहिले. टास्क मॅनेजर उघडला तेव्हा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर होता आणि ३०६० च्या ‘व्हिडिओ डिकोड’ आलेखाची रेघ तळाशी सपाट पडलेली होती. एनव्हिडियाच्या ३० आणि ४० या दोन्ही मालिकांतील डिकोडरला ४:२:२ उलगडताच येत नाही, मग कार्डावर मेमरी कितीही असो. इंटेलच्या ११व्या पिढीपासून प्रोसेसरच्या अंतर्गत ग्राफिक्समधले क्विक सिंक हे डिकोडर मात्र हे एच.२६५ सहज उलगडते, आणि नेमके तेच आम्ही दीड-दोन हजारांसाठी दुकानात ठेवून आलो होतो. दुसऱ्या दिवशीच्या स्वागतसमारंभात एक मिनिटाची रील दाखवायची होती. ती रात्र प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या प्रती, बनवण्यात गेली. दादाचे निदान असे की कार्डच कमी पडते, मोठे घेऊ.

पुढच्या वर्षी मी स्वतःच्या पैशांनी एक वापरलेला आय५-१२४०० आणून बसवला, बायोसमध्ये अंतर्गत ग्राफिक्स चालू केले आणि प्रीमियरच्या मीडिया सेटिंगमध्ये इंटेलच्या हार्डवेअर डिकोडिंगसमोर खूण केली. तीच हळदीची क्लिप प्रॉक्सीविना सलग चालली. दादा त्याचे श्रेय आजही प्रीमियरच्या अपडेटला देतो.

तेव्हा कार्डाच्या आधी प्रोसेसर ठरवा, आणि ‘एफ’ लावलेला घेऊ नका, मग तुमच्या घरातला वडीलधारा माणूस काहीही म्हणो. त्यानंतर या दोन कार्डांपैकी मी ३०६० घेईन. रिझॉल्व्ह स्टुडिओ या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ४के टाइमलाइनवर टेम्पोरल नॉइज रिडक्शन (चित्रातले दाणे घालवणारी सोय) लावले की ८ जीबी बघता बघता भरते, आणि मंडपातल्या अपुऱ्या उजेडात घेतलेल्या चित्रीकरणाला ते लावावेच लागते. ४०६० वीज कमी खाते, ११५ वॅट विरुद्ध १७० वॅट, हे मान्य आहे. बिल स्टुडिओ भरत असेल तर विचार करा.

सोनीचे काही कॅमेरे ४:२:२ चित्रीकरण एच.२६४ मध्येही करतात आणि ते १२व्या पिढीच्या क्विक सिंकलाही उलगडत नाही. एनव्हिडियाच्या ५० मालिकेला दोन्ही प्रकार जमतात, त्यामुळे बजेट ताणता आले तर या सगळ्या वादाचीच गरज उरत नाही. तुमचा कॅमेरा कोणता, हे तुम्ही लिहिलेले नाही. तो ८-बिट ४:२:० मध्येच, म्हणजे रंगांची माहिती कमी ठेवून, चित्रित करत असेल, तर दोन्ही कार्डे ते निमूटपणे उलगडतात आणि १२४००एफ घेण्यात काहीच गैर नाही. हा शेवटचा परिच्छेद दादाच्या वाचनात न आलेला बरा.