पाणी पिऊनही लघवी गडद का?

प्रश्न: एप्रिलच्या खरड छाटणीत सकाळी सातपासून संध्याकाळपर्यंत द्राक्षबागेत असतो. तीन-साडेतीन लिटर पाणी पितो, तरी लघवी दोनदाच होते, तीही गडद पिवळी. कंबर दुखते म्हणून रात्री मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅकची गोळी घेतो. किडनी कमी काम करतेय का?
— एक बागायतदार, दिंडोरी तालुका (नाशिक)

उत्तर: लघवी कमी आणि गडद होते आहे म्हणजे किडनी पाणी राखते आहे. आम्हाला काळजी वाटते ती गोळीची.

दोन्ही किडन्यांतून मिनिटाला साधारण एक लिटर रक्त फिरतं. प्रत्येक किडनीत दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणारे सूक्ष्म घटक असतात. नेफ्रॉनच्या तोंडाशी असलेल्या केशवाहिन्यांच्या गुंत्यातून, रक्ताच्या दाबाने, पाणी, क्षार, साखर आणि युरिया पलीकडे उतरतात. रक्तपेशी आणि बहुतेक प्रथिनं मागेच राहतात. असं दिवसाला सुमारे 180 लिटर गाळलं जातं आणि लघवी होते दीड-दोन लिटर! उरलेलं सगळं पुढच्या नळीत परत शोषलं जातं. त्यातलं दोन-तृतीयांश पाणी नळीच्या सुरुवातीलाच परत येतं. तुम्ही किती प्यायलात याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. खरी काटछाट शेवटच्या टप्प्यात होते. घामामुळे रक्त एक-दोन टक्के जरी दाट झालं तरी मेंदूला कळतं, तहान लागते आणि पीयूषिका ग्रंथीतून एडीएच हे हॉर्मोन सुटतं. त्याने नलिकेच्या भिंतीतल्या पाण्याच्या वाटा उघडतात आणि पाणी रक्तात परत जातं. टाकाऊ द्रव्यं तेवढीच, पाणी कमी, म्हणून रंग गडद. तरी दिवसाचा कचरा काढायला किमान अर्धा लिटर लघवी लागतेच. (बी-कॉम्प्लेक्स घेत असाल तर पिवळेपणावरून काही ठरवू नका.)

उन्हात कष्टाचं काम करताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम जाऊ शकतो. तुमचे तीन-साडेतीन लिटर तिथेच संपतात.

आता गोळी. पाणी कमी पडलं की किडनी प्रोस्टाग्लँडिन या शरीरातल्याच रसायनाच्या मदतीने आत येणारी रक्तवाहिनी सैल ठेवते, म्हणून गाळण्यापुरता दाब टिकतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन नेमकं हेच रोखतात. मग दाब पडतो, गाळणं मंदावतं, रक्तात क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य चढतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल अशी ब्लडप्रेशरची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी मोठा. डायक्लोफेनॅक बंद करा आणि कंबर डॉक्टरांना दाखवा.

बागेत दर वीस मिनिटांनी पेलाभर, म्हणजे 200 मिली पाणी प्या. घाम फार जात असेल तर ओआरएस घ्या, पण पूर्ण पुडी एक लिटर पाण्यातच मिसळा. पेल्यात अर्धी पुडी टाकली की द्रावण नको तितकं दाट होतं. ब्लडप्रेशर, हृदय किंवा किडनीचा आजार असेल तर आधी विचारा. दिवसभराचं राहिलेलं पाणी संध्याकाळी एकदम ढोसू नका. किडनी तासाला लिटरभरच बाहेर टाकू शकते, त्याहून जास्त झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं.

बारा तास लघवीच झाली नाही, ती चहासारखी झाली, फेसाळली किंवा पाय सुजले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रक्तातलं क्रिएटिनिन आणि लघवी दोन्ही तपासून घ्या.