धुतलेल्या सँडलला पुन्हा वास का येतो?

प्रश्न : पावसाळ्यात दर रविवारी ट्रेकला पट्ट्यांची सँडल घालते. घरी आल्यावर नळाखाली धुते, उन्हात ठेवते, तरी दोन दिवसांत आंबूस वास येतो. घरचे म्हणतात, फेकून दे. काही उपाय आहे का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : मुळीच फेकू नका. तळ शाबूत असेल तर ही सँडल अजून कितीतरी गड चढेल.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. पायाची मेलेली त्वचा आणि घाम यांवर जिवाणू पोसले जातात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक आम्ल तयार होतं. तो आंबूस वास त्याचा. टाच आणि बोटं टेकतात तिथे नख फिरवून बघा, करडा चिकट मळ निघेल. नुसत्या नळाच्या धारेने तो हलत नाही, त्याला घासावंच लागतं.

आधी चिखल वाळू द्या आणि सँडल आपटून झाडा. मग सगळे पट्टे पूर्ण सैल करा. पट्टा तळव्यात शिरतो त्या फटीत भातखाचरातला बारीक गाळ जाऊन बसतो, आणि तिथे कोणी बघतच नाही. पट्टा मागेपुढे ओढत जुन्या टूथब्रशने ती फट साफ करा. वेल्क्रोतली कुसळं सुईने काढा. कोमट पाण्यात भांड्यांचा लिक्विड साबण घालून सँडल अर्धा तास बुडवा, मग ताठ ब्रशने घासा. पाणी उकळतं नको, डिंक सुटतो.

तरीही वास उरला तर खायच्या सोड्याची दाटसर पेस्ट सँडलच्या तळव्यावर रात्रभर थापून ठेवा आणि सकाळी धुवा. व्हिनेगर वापरायचं असेल तर ते वेगळ्या वेळी, समभाग पाण्यात. दोन्ही एकत्र केलं की फेस भरपूर येतो, पण ती एकमेकांना मारतात. आणि व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

खरी मेख वाळवण्यात आहे. तळवा लवकर सुकतो, पट्टा नाही. तो चिमटीत धरून बघा. गार, जड लागला तर आत पाणी आहे आणि जिवाणूंची सोय झालेली आहे. पट्टे जुन्या टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सँडल पंख्याखाली उभी करून ठेवा. कडक उन्हात दिवसभर टाकू नका, तळव्याचा फोम आकसतो. ओली सँडल चपलांच्या बंद कपाटात तर नकोच. ट्रेकहून येताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणत असाल तर तेही थांबवा.

हे सगळं सिंथेटिक सँडलसाठी. कोल्हापुरी किंवा कुठलंही चामडं असं भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसून सावलीत ठेवा.

आणि बोटांच्या बेचक्यात खाज सुटत असेल, कातडी पांढरी पडून सोलत असेल, तर त्या चिखल्या आहेत. सँडल धुऊन त्या जाणार नाहीत. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा आणि बरं होईपर्यंत ती सँडल घालू नका.