सोळाव्या वर्षी मुलीला वर्षभर परक्या घरी पाठवताना

तुमची मुलगी सोळा वर्षांची आहे, रोटरीच्या युथ एक्सचेंजमधून शाळेचं एक वर्ष परदेशात घालवायचं म्हणते, आणि तुमची शंका अशी की हे सगळं चालवणारी माणसं पगारी नाहीत, मग उद्या काही झालं तर धरायचं कोणाला? मी बारा वर्षं याच कार्यक्रमात काउन्सेलर म्हणून, म्हणजे बाहेरून आलेल्या मुलांची विचारपूस करणारी क्लबची व्यक्ती म्हणून, काम केलं. शंका रास्त आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांच्या या देवाणघेवाणीची सुरुवातच बिनपगारी माणसांनी केली. अशीच देवाणघेवाण करणारी एएफएस (अमेरिकन फील्ड सर्व्हिस) ही संस्था मुळात पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवक चालकांची. दुसऱ्या महायुद्धातही त्यांनी हेच काम केलं. युद्ध संपल्यावर त्याच माणसांनी शाळकरी मुलांना एकमेकांच्या देशात, एकमेकांच्या घरात राहायला पाठवायचं ठरवलं आणि १९४७ मध्ये मुलं जाऊ-येऊ लागली. रोटरीच्या युरोपातल्या क्लबांनी १९२० च्या दशकातच असे प्रयोग केले होते.

आता जबाबदारीचं. होस्ट कुटुंबाला मुलीला ठेवून घेण्याचे पैसे मिळत नाहीत, आणि मला ही फार मोठी सुरक्षितता वाटते, कारण पैशासाठी खोली देणारं कोणी त्यात येत नाही. कुटुंबाची मुलाखत होते, पार्श्वभूमी तपासतात, घराला भेटी देतात, त्यातल्या काही न कळवता. वर्षभरात साधारण दोन-तीन घरं बदलतात. प्रत्येक मुलाला त्या गावच्या क्लबचा एक काउन्सेलर असतो, आणि तो होस्ट कुटुंबातला नसावा हा पक्का नियम आहे. घरातच काही बिनसलं तर मुलीने बोलायचं कोणाशी, याचं उत्तर या एका नियमात आहे. छळाची किंवा गैरवर्तनाची तक्रार आली तर ती ७२ तासांच्या आत रोटरीच्या मुख्य कार्यालयाला कळवावी लागते.

कच्चा दुवा वेगळा आहे, आणि तो कोणी आपणहून सांगत नाही. रोटरीचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्या दिवशी पदाधिकारी बदलतात. मुलं बरेचदा ऑगस्टच्या सुमारास निघतात. म्हणजे तुमच्याकडच्या क्लबमधल्या ज्यांनी निवडीसाठी तुमची मुलाखत घेतली, ज्यांच्याशी तुमचा सूर जुळला, ते मुलगी विमानात बसेपर्यंत त्या पदावर असतीलच असं नाही. म्हणून मुलाखतीतच विचारा: जुलैनंतर आमचा माणूस कोण? तिकडचा काउन्सेलर कोण? दोन्ही नावं आणि नंबर तिकीट काढण्याआधी कागदावर घ्या. उत्तर द्यायला कोणी चाचरलं, तर मी असते तर थांबले असते.

मुलीच्या तयारीबद्दल एक अनुभव सांगते, कारण तो माझ्या मनातून अजून गेलेला नाही. माझ्याकडे आलेल्या पहिल्याच मुलीला मी दर आठवड्याला फोन करायचे. ती दर वेळी ‘सगळं छान आहे’ म्हणायची आणि मी विश्वास ठेवायचे. चौथ्या महिन्यात भेटले तेव्हा ती बरीच वाळलेली दिसली. फ्रिज आपण स्वतः उघडायचा की विचारून, हे तिला कळलेलं नव्हतं. घरची माणसं प्रेमळ होती, त्यांना वाटायचं हिची भूकच कमी आहे. ती रात्री उपाशी झोपायची. दोष माझा होता: मी फोनवर चौकशी केली, समोर बसून केली नाही.

एक्सचेंजच्या मुलांसाठी ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ अशी एक यादी असते, अनेक भाषांत मिळते. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? माझे कपडे कोण धुणार? अंघोळीची वेळ कोणती? भूक लागली तर स्वतः घेऊन खाऊ का? माझ्या खोलीचं दार लावलेलं चालेल का? वाचताना बालिश वाटते. त्या मुलीनंतर मी प्रत्येक मुलाला होस्ट कुटुंबासोबत बसवून ती मोठ्याने वाचायला लावली, आणि दर वेळी एखाद्या तरी उत्तराने घरचेही चकित झाले, कारण असे नियम घरात कोणी कधी बोलून दाखवलेलेच नसतात.

गाडी चालवणं, दारू, अमली पदार्थ आणि प्रेमप्रकरण, या चारांना बंदी असते. त्यातल्या काहींसाठी मुलांना थेट घरी धाडतात. यावर मुलीशी आधीच मोकळेपणाने बोला.

शाळेचं वर्ष धरलं जाईल का, हे तिच्या शाळेकडून आत्ताच लेखी घ्या, ते क्लबच्या हातात नसतं. विमा आणि आपत्कालीन रक्कम लागतेच.

आणि तुमच्यासाठी सगळ्यात कठीण गोष्ट. पहिले तीन महिने रोज फोन करू नका. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी बोला. रोज रात्री घरी तासभर बोलणाऱ्या मुलांना तिकडची भाषा येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मन दिवसभर त्या फोनकडे लागलेलं असतं आणि जेवणाच्या टेबलावर चाललेलं बोलणं कानावरून जातं. सहाव्या-सातव्या आठवड्यात ती रडेल, परत येते म्हणेल. तेव्हा तिकीट शोधू नका, आधी तिला विचारा, काउन्सेलरला भेटलीस का? पण तिने घरातल्या एखाद्या माणसाची भीती वाटते असं सांगितलं, तर हे सगळं बाजूला ठेवा. लगेच काउन्सेलरला आणि तुमच्याकडच्या क्लबला फोन करा, आणि तिला त्याच रात्री दुसऱ्या घरी हलवा म्हणून सांगा.

मुलाखतीची तारीख ठरली की कळवा. मुलाखतीत तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं तिलाच देऊ द्या, अडखळली तरी.