पाय टेकलास, बरं केलंस

प्रिय पोरी,

तुझा निरोप काल रात्री वाचला. 'काका, ब्यालख ना बा चढले, पण वरच्या वळणांवर उतरून सायकल ढकलली. मग चढले म्हणू की नको?' वाचून चिडलो. तुझ्यावर नाही, तुझ्या वयाच्या माझ्यावर.

स्कॉटलंडात किशॉर्नच्या खाडीपाशी त्या खिंडीचा रस्ता अगदी समुद्राला लागून सुटतो आणि नऊएक किलोमीटरांत 626 मीटरवर जातो. आधी गोड बोलतो. डोंगराच्या ओंजळीत शिरलं की 20 टक्क्यांपर्यंत उभा होतो, आणि ती नागमोडी वळणं नेमकी त्याच्याही वर, पाय संपल्यावर. तिथे उतरायचं नाही तर कुठे उतरायचं? ब्यालख ना बा या नावाचा अर्थच मुळी गुरांची खिंड. पलीकडच्या ॲपलक्रॉस गावाची गुरं याच वाटेने बाजाराला हाकली जात. ती काय एका दमात चढत असतील? पाय टेकव. शंभरदा टेकव.

मी पहिल्यांदा आलो तो वरंधा घाट चढलेला गडी म्हणून. पाय टेकायचा नाही, बस्स. पायथ्यापासून जरा वर गेल्यावर मागून मित्राची हाक आली, ट्यूब गेली म्हणून. पंप माझ्या पिशवीत. 'वर भेटू' असं ओरडून मी पुढे! आता थांबलो तर या चढावर पुन्हा बसता येणार नाही, असं स्वतःला समजावलं. तसं ते खोटं नाही. 20 टक्क्यांवर बूट पॅडलात अडकवून बघ म्हणजे कळेल. पण तो जिथे थांबला तिथे चढ असा नव्हताच. माथ्यावर नुसतं धुकं. स्काय बेट नाही, रासे बेट नाही, काही नाही. तो सायकल हातात धरून लॉखकॅरन गावापर्यंत चालत गेला. नंतर बोललो आम्ही, हसलोही, पण सायकलवर एकत्र पुन्हा कधी गेलो नाही.

आणि तू मला ढकलण्याचं विचारतेस!

पुढच्या खेपेला मागच्या चाकाला 34 दातांची मोठी चकती बसव, चढ हलका होतो. क्लबातली पोरं हसतील, मलाही हसतात. रस्ता एका गाडीपुरता आहे, मधूनमधून बाजूला व्हायच्या जागा आहेत. मागे गाड्या तुंबल्या की तिथे थांब, पाणी पी, खाली बघ. 2015 पासून 'नॉर्थ कोस्ट 500' या पर्यटन-मार्गाच्या जाहिरातीने गर्दी वाढली आहे, म्हणजे थांबायला निमित्तच निमित्त. ॲपलक्रॉसकडे उतरताना मात्र ब्रेक सांभाळ, मेंढ्या रस्त्यातच बसतात.

तिथून शील्डेग गावाचा किनारारस्ता सोपा म्हणून सांगतील. ऐकू नकोस. तो 1970च्या दशकात झाला. त्याआधी हिवाळ्यात खिंड बर्फाने बंद झाली की गावाला दुसरी सडकच नव्हती. त्याचे बुटके चढउतार संपता संपत नाहीत. तिथेही पाय टेकव. समोर रासे, त्याच्या मागे स्काय दिसेल. मला तो किनारा नीट दिसायला तिसरी खेप लागली.

मेमध्ये पुन्हा ये, नंतर ती मिज नावाची बारीक चिलटं चावून हैराण करतात. इन्व्हर्नेसहून सकाळच्या रेल्वेगाडीने स्ट्रॅथकॅरन स्टेशनला उतर. सायकलची जागा आधी राखून ठेव, फार नसतात. पंप मी आणतोय. तरी तुझा तू घे.

तुझा,
काका