शेल स्क्रिप्टनं वेबसाइटचं रूट फोल्डर कसं शोधायचं?

वरुडच्या संत्रा बागायतदारांची साइट तुमच्या गळ्यात पडली अन् फाइली कुठं आहेत ते आधीचा पोरगा सांगून गेला नाही, असंच ना भाऊ? अख्ख्या डिस्कवर 'फाइंड' सोडू नका, जुन्या बॅकअपातल्या इंडेक्स फाइलीही हाती येतील. वेब सर्व्हरच्या कॉन्फिगलाच, म्हणजे सेटिंगच्या फाइलींनाच विचारा. उबुंटूवर अपाचे हा वेब सर्व्हर असेल तर 'साइट्स-एनेबल्ड' फोल्डरात 'डॉक्युमेंटरूट' हा शब्द ग्रेप करा, म्हणजे ग्रेप कमांडनं शोधा. गोम इथंच आहे: तिथं बहुतेक सिमलिंक, म्हणजे खऱ्या फाइलीकडं बोट दाखवणारे दुवे असतात, अन् ग्रेपचा लहान आर (-r) हा पर्याय त्यांच्या मागं जात नाही. कॅपिटल आर (-R) द्या. अपाचेऐवजी एंजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याला डॅश कॅपिटल टी (-T) दिलं की सगळं कॉन्फिग छापून येतं. त्यातली 'रूट'ची ओळ पकडा, ऑकनं दुसरा शब्द काढा, शेवटचा अर्धविराम सेडनं उडवा. त्याला सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचा अधिकार लागेल. साइटी अनेक असतील तर आधी 'सर्व्हरनेम', म्हणजे साइटचं नाव जुळवा.